मागच्या दारची पद्मिनी



सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र या वेळी सगळं पान खाणार आहे. तेव्हा तूरडाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं, असं विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

पत्र लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. सासऱ्यांनी १९७८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी मागच्या दारी शेवग्याखाली उभी आहे. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती हललेली नाही. यजमान म्हणतात, भंगारवाल्याला देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल. सासूबाई बोलत काहीच नाहीत, पण दर दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतात. आणि या भगिनीच्या मनात आहे की शिवणकामातून साठवलेल्या आपल्या पैशांतून ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी. "घरात सगळे हसतात. माझं चुकतंय का?" असं शेवटी विचारलं आहे.

हसू द्या हो. बाईनं स्वतःच्या पैशांच्या पाटल्या केल्या तर कुणी हसत नाही, पुरुषानं जुना रेडिओ उघडून चार रविवार घालवले तरी कुणी हसत नाही. बाईनं पाना हातात घेतला की मात्र सगळ्यांना गंमत वाटते. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, हे पैसे परत येणार नाहीत. जुनी गाडी सजवून मोठ्या किमतीला विकल्याच्या गोष्टी कानावर येतात, त्यांवर हिशेब मांडू नका. साठवलेले पैसे मुलांच्या शिक्षणाचे किंवा आजारपणासाठी बाजूला ठेवलेले असतील, तर माझं उत्तर इथंच संपलं: नको. हौसेचे असतील, तर पुढं वाचा.

लहान वयाच्या वाचकांसाठी दोन शब्द. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होई. ही कंपनी सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल गाडी, तिला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. मग १९६४ पासून 'डिलाइट' आली आणि १९७४ पासून तीच 'पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, आणि पुढची सीट बाकासारखी सलग, म्हणजे पुढंच तिघं बसत आणि मांडीवर एखादं पोर. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर ती घरात यायची. म्हणून तर सासूबाई माळ घालतात!

२००० च्या सुमारास हिचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळं काळ्या-पिवळ्यांमधली शेवटची पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. याचा तुमच्याशी संबंध असा की, हजारो टॅक्स्या होत्या तोवर जुने भाग निघत होते आणि या गाडीवर हात बसलेले मिस्त्रीही होते. आता ते मिस्त्री म्हातारे होत चालले आहेत. करायचंच असेल तर आणखी पाच वर्षं शेवग्याखाली ठेवण्यात अर्थ नाही.

आता कामाची सुरुवात. ती गॅरेजमध्ये होत नाही, कपाटातल्या कागदांच्या पिशवीत होते.

गाडी अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, असं पत्रावरून दिसतं. म्हणजे ती आज सगळ्या वारसांची आहे: सासूबाई, तुमचे यजमान आणि पत्रात ज्यांचा उल्लेख आहे त्या दोघी नणंदा. मुलगा हयात असताना सून सासऱ्यांची वारस नसते. म्हणजे ज्या गाडीत तुम्ही पैसे घालणार, तिच्यावर कायद्यानं तुमचं नाव कुठंच नाही! हे नीट समजून घ्या. आज सगळे हसताहेत. पण गाडी झळझळीत होऊन दारात उभी राहिली की हसणं थांबेल आणि "बाबांची गाडी" सगळ्यांना आठवेल. नणंदा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचंही बालपण त्याच मागच्या सीटवर गेलं असेल. म्हणूनच आधी बोलावं. राखी पौर्णिमेला किंवा दिवाळीत त्या माहेरी येतील तेव्हा, चहा झाल्यावर, सासूबाईंच्या समोर सांगा की मी असं असं करणार आहे, खर्च माझा, आणि गाडी माझ्या नावावर व्हावी अशी माझी इच्छा आहे. कुणाची हरकत असेल तर ती खर्चाच्या आधी कळलेली बरी.

रीत अशी. मूळ मालक वारला की वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ भरतात. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी बुक आणि बाकीच्या वारसांची प्रतिज्ञापत्रावर संमती. हा अर्ज खरं तर मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. तुमची नऊ वर्षं झाली, तेव्हा दंड पडेल, त्याची तयारी ठेवा. गाडी आधी सासूबाईंच्या किंवा यजमानांच्या नावावर होईल, आणि मग फॉर्म २९ व ३० भरून तुमच्या नावावर. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी गाडी तपासून ती वाढवून घ्यावी लागते. तीही संपलेली असणार. त्यासाठी फॉर्म २५, शिवाय पर्यावरण कर आणि साठलेला दंड. आधी नूतनीकरण की आधी नाव, हे तुमच्या आरटीओत विचारून घ्या. जुन्या हाती लिहिलेल्या पुस्तकांच्या नोंदी कित्येकदा संगणकावर चढलेल्याच नसतात. तिथं 'बॅकलॉग' नोंद करून घ्यावी लागते आणि त्यात हेलपाटे पडतात.

हे सगळं खर्चाच्या आधी का? कारण तपासणीत चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी ताडून पाहतात. मधल्या काळात कधी इंजिन बदललं असेल आणि पुस्तकात त्याची नोंद नसेल, तर रंगरंगोटी करून आणलेली गाडी तिथंच अडकते. एक कोरा कागद नंबरावर ठेवून वर पेन्सिल घासा, ठसा उमटतो. तो पुस्तकाशी जुळवा. पाच मिनिटांचं काम आहे, मुलांना सांगितलं तर आवडीनं करतील.

आणि यजमानांचंच म्हणणं खरं ठरलं, गाडी द्यायचीच झाली, तरी गल्लीत आलेल्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द करून घ्या. नाही तर सासऱ्यांच्या नावाची नंबर प्लेट कुठल्या गाडीवर लागेल कोण जाणे.

कागद जमले की पत्रा. इंजिनाची काळजी सगळेच करतात, पण ही गाडी मरते ती गंजानं. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी लोखंडी चेसिस असते, वर सांगाडा बसवलेला असतो. पद्मिनीला तशी वेगळी चेसिस नाही. तिचं अंग हाच तिचा कणा आहे. म्हणून जमिनीचा पत्रा सडला तर ते भोक नसतं, हाड मोडलेलं असतं. आतली रबरी मॅट उचलून खालचा पत्रा पाहा. दारांखालची लांब पट्टी, डिकीत स्टेपनी ठेवायची जागा, बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या काचेच्या खांबांची मुळं आणि मागचे पाटे जिथं अंगाला अडकवलेले असतात ती जागा, इथं स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं हलकेच टोचून बघा. फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून अंगभर फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं आत पत्रा नाही, पेंटरनं लांबी भरून वर रंग मारलेला आहे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि पाट्यांच्या जागा गेल्या असतील, तर मी म्हणेन हात जोडा आणि थांबा. तिथं पैशाला तळ राहत नाही. एकीकडचं गेलं असेल, दारं अजून नीट मिटत असतील, तर नवा पत्रा वेल्डिंगनं बसवता येतो. मात्र लांबी भरून नाही, कापून नवा पत्रा. मिस्त्रीनं "ताई, वरनं भरून देतो, कळणार पण नाही" असं म्हटलं, तर तो मिस्त्री आपला नाही.

आणि हो, चावी फिरवून "बघू सुरू होतेय का" असा मोह कुणालाही होऊ देऊ नका, विशेषतः मेव्हण्यांना. नऊ वर्षांत सिलिंडरच्या आत गंज धरलेला असतो, जोरानं फिरवलं तर रिंगा तुटतात. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. चारी प्लग काढून प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी गाडी हळूच मागं-पुढं ढकलायची. इंजिन फिरलं तर देवापुढं साखर ठेवा. घट्टच राहिलं तर जबरदस्ती न करता फिटरला बोलवा.

कामाचा क्रम माझा सरळ आहे: गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, आणि चमकायचं सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत याच्या उलटं होतं. आधी रंग लागतो, कारण तो दिसतो, शेजारी विचारतात. मग पैसे संपतात आणि ब्रेक जुनेच राहतात. पद्मिनीला चारी चाकांना ड्रमचे हायड्रॉलिक ब्रेक आहेत. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, त्यांचे रबर कप, रबरी नळ्या, लायनर, सगळं नवं घाला. यात "हे अजून चालेल" असं काही नसतं. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर ती धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्यानं टिपा आणि मुलांना दूर ठेवा. टायर दिसायला चांगले असले तरी बदला, उभ्या गाडीचं रबर आतून वाळतं. वायरिंगचं तसंच. उंदरांनी एक जागा कुरतडलेली दिसली, तर न दिसणाऱ्या चार असतात. सगळं जुनं काढून नवं ओढून घ्या, फ्यूज वाढवून घ्या आणि सीटखाली छोटं अग्निशामक ठेवा.

ब्रेक, वेल्डिंग, सिलिंडरचं बोअरिंग ही कामं जाणत्या माणसाची. पण "माझा हात कुठं लागणार?" असं जे तुम्ही विचारलं आहे, त्याला पुष्कळ जागा आहे. गाडी उकलण्याचं काम तुम्ही करा. फियाट इटलीची असल्यामुळं तिला मिलिमीटरचे साधे पाने चालतात, अॅम्बॅसॅडरसारखे इंचाचे लागत नाहीत. एक बऱ्यापैकी पानासेट पुरतो. भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो, काढल्यावर त्याचे नटबोल्ट छोट्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. वर्षाच्या मसाल्याच्या बरण्यांवर आपण चिठ्ठ्या लावतो ना, तश्शाच. गॅरेजमध्ये हेच कुणी करत नाही आणि जोडताना मूठभर बोल्ट उरतात. कार्बोरेटर साफ करणं, प्लग आणि पॉइंट घासणं, क्रोमच्या पट्ट्या उजळवणं, सीटचा काथ्या काढून नवा फोम भरणं, हे शिकण्यासारखं आहे. तुम्ही तर शिवणकाम करता, सीटची कव्हरं दुसऱ्याला देऊच नका! दोन सूचना तेवढ्या ध्यानात ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, खाली स्टँड हवेतच. आणि इंजिन चालू असताना जवळ जायचं तर पदर, ओढणी, मोकळी वेणी काही नको. फॅनबेल्टला माणूस कळत नाही.

भाग मिळतात, पण फिरावं लागतं. मुंबईत चोरबाजार, पुण्यात जुना बाजार, आणि तुम्हाला जवळचं कोल्हापूर. तिथल्या उद्यमनगरात लेथवाले, फाउंड्रीवाले आहेत, बाजारात न मिळणारा बुश किंवा पिन नमुन्यावरून करून देतात. जुना भाग नमुना म्हणून सोबत न्या, आणि नवा हातात पडेपर्यंत जुना टाकू नका. खर्चाची एक वेगळी वही करा. ठरवलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यातच काम ठरवा. तो हिस्सा पत्रा उघडल्यावर लागतोच.

आता सजावट. मुलगा म्हणतो काळा मॅट रंग, रुंद चाकं आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. तुमचं मन म्हणतं सासऱ्यांची होती तशीच. मी तुमच्या बाजूची आहे, आणि कायदाही बराचसा तुमच्याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. दुसरं इंजिन बसवायचं तर आधी परवानगी. रंग बदलता येतो, पण पुस्तकात नोंद हवी. जुना तीन अक्षरी नंबर, म्हणजे 'एमएच' यायच्या आधीचा, जपून ठेवा. मात्र तोही नव्या सुरक्षा प्लेटवरच लावावा लागतो, फॅन्सी अक्षरांत नाही.

मूळ रंग कोणता, यावर घरात वाद होईल. डिकीतल्या मॅटखाली किंवा दाराच्या रबराच्या आत पाहा, तिथं उन्हाचा हात पोचलेला नसतो. त्यावरून पेंटर जुळवून देतो.

मुलालाही काही द्यायला हवं. मग जे परत पूर्ववत करता येईल तेवढंच नवं घ्या, असा करार करा. मोबाइल चार्ज करायची सोय वेगळ्या फ्यूजवर, जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर, पुढच्या सीटला जाणत्याकडून पक्क्या जागी बसवलेले पट्टे. सीटला रेक्झिन घाला आणि त्यावर काढून धुता येईल असं सुती कव्हर. खणाचं करा, दिसेल पण छान! मागच्या सीटवर गोधडी टाकायची की नाही, हा सासूबाईंचा प्रश्न आहे, त्यांना विचारा.

२०२८ साली तुमची गाडी पन्नास वर्षांची होईल. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणं पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. ऐकायला झकास वाटतं, पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच काढायची. तुम्हाला सासूबाईंना घेऊन औदुंबरला जायचं आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. मग साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवत राहा आणि थर्ड पार्टी विम्याचा हप्ता चुकवू नका.

एक नवी अडचण पेट्रोलची आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. या गाडीच्या काळी कुणी तसा विचार केलेला नव्हता. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यानं टाकी आतून गंजते. तेव्हा पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या, फिल्टर लावा, आणि महिनोन् महिने तेच पेट्रोल टाकीत राहू देऊ नका. आठवड्यातून एकदा दहा-बारा किलोमीटर फिरवून आणावी, नुसती जागेवर सुरू करून बंद करू नये. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. वर पत्र्याची शेड आणि अंगावर सुती कव्हर. आणि पुन्हा शेवग्याखाली लावू नका, त्याचा पाला आणि फुलं बॉनेटच्या खाचांत कुजतात, फांदीही अचानक मोडते. शेवगा तोडायची काही गरज नाही, गाडी चार पावलं पुढं घ्या.